पुठ्ठा उलटा लागला की

सोमवारी सव्वादहाला हत्तरकी मॅडमचा फोन :
नदाफ, पगाराची फाईल फाटली.

फाईल फाटत नसते मॅडम, म्हणालो,
आणि गेलो वर.
एप्रिल. अक्कलकोट रोडचं डांबर चपलेला चिकटतंय,
अकाउंट्समध्ये एकच कूलर, तोही कोरडा,
गरम हवेलाच गोल फिरवणारा.

स्क्रीनवर एकशे बारा विणकर
आणि नाव एकाचंही नाही.
नावाच्या रकान्यात तिरपी काडी डोक्यावर घेतलेला ए,
शेजारी चार पाय फुटलेला एक गोल,
परत ए, परत गोल,
मधूनच जपानी येन.
हजेरी नंबर ००४७, उरलाय नुसता ४७.
टॉवेलचा साईज तीन-चार,
त्याची झालीय तीन एप्रिल.
लॉट बारा ई पाच,
त्याचे एका रात्रीत बारा लाख.

माझ्याकडे तर उघडते, मी म्हणालो.
(हे आम्ही सगळेच म्हणतो.)
मग ब्राउझर बदलला, साठलेलं पुसलं,
वरच्या पिवळ्या पट्टीला हो म्हटलं,
बंद करून चालू केलं.
इंट्रानेटवरची ती निळी लिंक
दरवेळी तेवढ्याच आज्ञाधारकपणे
तेच चुकीचं उघडून दाखवायची.
मॅडम डब्यातली शेंगाचटणी चिमटीनं खात
माझ्याकडे बघत होत्या,
डॉक्टरकडे बघतात तसं.

तेवढ्यात राजेशम बुर्ला आले दारात,
कपाळावर कापसाची पिंजर,
पगार का अडकला विचारायला.
काय बगालास बे?
तुमचं नाव, मामा.
कुठाय?
दाखवलं.

चष्मा कपाळावर सरकवून ते वाकले,
नखानं ओळ ओढत गेले काचेवरून,
कापडातले धागे मोजावेत तसे,
एक ए, एक गोल, एक ए, एक गोल.
हसले.
पुठ्ठा उलटा लागलाय की रे.

म्हणजे?
जाकार्डवर व्हतंय असं. सूत चांगलं,
लूम चांगला, पुठ्ठ्याची भोकं बी बराबर.
कुठल्या अंगानं वाचायचं
तेवढं लूमला सांगितलं नाय कुणी.
मग मोराच्या जागी
हे असलं येतंय.
सूत तोडू नको. पुठ्ठा काढ, बघ, परत लाव.

मी लिंकवरून हात काढला.
फाईल आधी खाली उतरवून घेतली,
रिकामा तक्ता उघडला,
आणि तिला उघडली नाही,
आत घेतली.
कुठल्या लिपीत वाचायचं ते सांगितलं.
नंबरांना सांगितलं, तुम्ही अक्षरंच आहात,
बेरजेत पडू नका.
साईजला सांगितलं, तुला वाढदिवस नाही.

पाचेक सेकंद काही नाही.
मग वरून खाली
गाजूल, येमूल, बागवान, बिराजदार,
सगळी पाळी हजर.

ती मुळात बिघडलेली नव्हतीच.
सर्व्हरवर तशीच्या तशी पडून होती शुक्रवारपासून,
एक भोकही इकडचं तिकडे नाही.
दोन दिवस आम्ही तिला दोष देत होतो.

बुर्लामामांनी आधी नंबर पाहिला.
दोन शून्यं आली ना?
आली.
असू देत. लागल्या दिवसापासून हाईत ती माझी.

मग नावावर नख थांबलं.
हे चुकलंय, म्हणाले.
मी दचकलो, आता काय?
राजाराम लिहिलंय. मी राजेशम.

मागं गेलो. फाईल बरोबर.
त्यामागची फाईल बरोबर.
त्यामागे स्कॅन केलेलं रजिस्टर,
निळी शाई, कुण्या कारकुनाचं
देखणं, वळणदार, ठाम अक्षर : राजाराम.

त्येला ऐकू तसं आलं आसंल, मामा म्हणाले,
आमच्या आईचं मराठी कच्चं व्हतं.
बदलू का मामा?
ते जरा वेळ बघत राहिले.
खाली दुपारच्या पाळीचा भोंगा झाला.
सही कुठं करू सांग, म्हणाले,
लूमवर पोरगं एकटं हाय.